वरच्या मावशीचे जोडीदार

साइटवर तिला सगळे वरची मावशी म्हणत. मुकादम, गवंडी, वेल्डर, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. टॉवर क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये सकाळी एकदा चढून बसली, की सुट्टीचा भोंगा होईपर्यंत ती खाली उतरत नसे. खालच्या जगाशी तिचा संबंध दोनच गोष्टींनी. एक म्हणजे वॉकीटॉकी, आणि दुसरी म्हणजे कठड्याला बांधलेली लांबलचक दोरी. दोरीच्या टोकाला कापडी पिशवी. विसरलेला डबा, डोकेदुखीची गोळी, पाण्याची बाटली, सगळं त्या पिशवीतून वर जाई. पाणी मात्र ती बेतानं प्यायची. का, ते क्रेन बनवणाऱ्याला विचारा. त्यानं केबिनमध्ये सगळं दिलंय, तेवढं एक विसरलाय.

तिचा हात हलका. लोखंडी सळयांचा भारा ती असा टेकवायची, जसं झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं. ज्यांची बोटं आणि पावलं त्या भाऱ्याखाली असतात, त्यांना या हलक्या हाताची किंमत कळते. ते बोलून आभार मानत नसत, पिशवीत काहीतरी घालत. कुणी केकचा तुकडा, कुणी गरम तळलेलं, कुणी नुसतीच बिस्किटं. पिशवी वर जायची, रिकामी खाली यायची. अशी वर्षं गेली. मावशीचा हात हलका राहिला आणि मावशी जड झाली.

मग कुठल्याशा दुसऱ्या साइटवर एक जण शिडीवरून घसरला आणि इथल्या मालकाला अचानक कामगारांची काळजी वाटू लागली. काळजी वाटली म्हणून त्यानं क्रेनला लिफ्ट बसवली, असं काही झालं नाही. नवे बेल्ट आले. बेल्टवर छापलं होतं, अमुक वजनापर्यंतच धरेल. आणि बेल्टमागून नियम आला. क्रेनवर जाणाऱ्यानं त्या वजनाच्या आत यायचं, आणि जमिनीपासून केबिनपर्यंत शिडीच्या मधल्या एकाही विसाव्याच्या कट्ट्यावर न थांबता चढून दाखवायचं. मुदत दीड महिना. नापास होईल त्याला स्टोअरमध्ये बसून हेल्मेटं वाटायचं काम.

स्टोअरला खिडकी नव्हती. मावशीला खुपलं ते हेच. पगार तोच राहणार होता, पण इतकी वर्षं सगळं गाव पायाखाली ठेवून बसलेल्या बाईनं आता कोंदट खोलीत पिवळ्या हेल्मेटांची मुंडकी मोजायची!

कंपनीच्या डॉक्टरनं तपासलं आणि विचारलं, "वजन एवढं का वाढलं, मावशी?"

"दिवसभर खुर्चीला बांधून ठेवता आणि वर हेही मीच सांगू?" मावशी कडाडली. कामगाराचं पोट सुटलं की तो आळशी, मालकाचं सुटलं की भरभराट, हा हिशोब तिला पाठ होता.

डॉक्टर हसला. घरच्या घरी करायचा व्यायाम सांगितला, जेवण सांगितलं, आणि म्हणाला, "जोडीदार शोधा. एक घरी, एक कामावर. हे एकट्यानं होत नाही."

"मी एकटी इमारती उचलते, डॉक्टर."

"इमारत खा म्हणून आग्रह करत नाही."

पहिला आठवडा मावशीनं एकटीनं करून पाहिला आणि तो आठवडा कुठे गेला ते तिलाही कळलं नाही. मग खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला जोडीदार केलं. ती मोठ्या हौसेनं बूट घालून आली. दोघी सकाळी फिरायला निघाल्या आणि सुनेच्या तक्रारी सांगता सांगता शेजारीण थेट बेकरीच्या दारात जाऊन उभी राहिली. "आता एवढं चाललोय तर," म्हणाली. मावशी तिथूनच मागे फिरली.

घरी उरल्या सासूबाई. कापड गिरणीत उभं आयुष्य उभ्यानं काढलेल्या, आता गुडघे गेले म्हणून दाराजवळच्या खुर्चीत मुक्काम.

"मला बसता येतं आणि ओरडता येतं," सासूबाई म्हणाल्या. "यातलं काय हवंय?"

"दोन्ही, आई."

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात वरात सुरू झाली. मावशी पायऱ्या चढणार, उतरणार, आणि दारातून सासूबाई मोजणार. "अकरा, बारा, तेरा... अगं, कुठे होते मी?"

"वीस झाले, आई."

"वीस कसे होतील? मला बाई विसरायला होतं. चल, पहिल्यापासून."

मावशी दात-ओठ खात पहिल्यापासून. मग जेवायला बसली की ताटात अर्धी भाजीच. "एवढ्यानं माझं काय होणार?" असं म्हणाली तर उत्तर तयार. "उपाशी राहिलं की माणूस चिडकं होतं. तू तर आधीच..."

"मी आधीच काय?"

"काही नाही. काकडी खा."

घरच्या खाण्याला कुलूप तर लागलं. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती केबिनमध्ये एकटी. तिथला जोडीदार म्हणून तिनं शिट्टीला निवडलं. शिट्टी म्हणजे खालून इशारे देणारा सिग्नलवाला, पिकल्या मिशांचा. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून नाव शिट्टी. त्याला सांगितलं, पिशवीत डब्याशिवाय काही येता कामा नये. शिट्टीनं गळ्याची शपथ घेतली. तिसऱ्याच दिवशी पिशवी जड लागली.

"भाऊ, पिशवीत काय आहे?"

"पाणी असेल, मावशी."

"पाण्याला तुपाचा वास येतो?"

वॉकीटॉकीवर खरखर झाली. "वेल्डरला मुलगी झाली, मावशी. आनंदाचं आहे. नाही कसं म्हणायचं?"

"आणि काल?"

"काल फरशीवाल्याचा वाढदिवस."

"परवा?"

"परवा... परवा उरलं होतं."

एकाच चॅनेलवर अख्खी साइट ऐकत होती. हशा पिकला. मावशीही हसली, शिव्या घातल्या, आणि खाल्लंही. वर कोण बघतंय? त्या शनिवारी स्टोअरच्या लोखंड मोजायच्या काट्यावर उभी राहिली, तर काटा जिथल्या तिथे. मावशी स्टोअरमधल्या त्या बिनखिडकीच्या भिंती बघत राहिली. प्रेम करणारी माणसं पहारा देऊ शकत नाहीत, हे तिला तिथं कळलं. पण मग द्यायचा कुणी?

वरून माणसं दिसत नाहीत, हेल्मेटं दिसतात. पिवळी कामगारांची, निळी वायरमनची, पांढरी साहेबांची. दोन-तीन दिवस मावशी बघत होती, दुपार झाली की एक पांढरं हेल्मेट मोठ्या पाइपांच्या ढिगामागे जातं. त्या हेल्मेटवर लाल पट्टी होती, म्हणजे ते नियमसाहेबांचं. साइटचे सुरक्षा अधिकारी. बुटाची नाडी सुटलेली दिसली तरी माणसाला घरी पाठवणारे. मावशीची चाचणीही तेच घेणार होते. आणि पाइपांमागे तर भारा डोक्यावरून जायचा रस्ता. 'येथे थांबू नये' ही पाटी तिथं त्यांनीच लावलेली.

त्या दिवशी सळयांचा भारा हवेत असताना पांढरं हेल्मेट पाइपांमागे बसलं. मांडीवर गुलाबी खोकं उघडलं. केक!

मावशीनं भारा जागेवर थांबवला आणि हॉर्न दाबून धरला.

"पाइपांच्या मागे जे कुणी बसलंय त्यानं बाहेर यावं. खाऊन झाल्यावर नाही. आत्ता!"

"कोण आहे, मावशी?" शिट्टीनं विचारलं.

सगळी साइट कान लावून होती. नाव ओठांवर आलं होतं. या माणसानं तिला एकदा सगळ्यांसमोर हेल्मेटच्या पट्ट्यावरून झापलं होतं. मावशीनं वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"मांजर आहे. पांढरं."

"मांजरासाठी हॉर्न?"

"जाडं आहे, भाऊ."

पांढरं मांजर ढिगाच्या पलीकडून दोन पायांवर निघालं आणि तोंड पुसत नाहीसं झालं.

संध्याकाळी ती उतरली तेव्हा नियमसाहेब शिडीच्या पायाशी उभे.

"मावशी, ते मांजर..."

"कुठलं मांजर?"

"आभारी आहे."

"आभार कसले? भारा माझ्या हातात होता, साहेब. तुम्हाला काही झालं असतं तर मला जन्मभर झोप आली नसती."

साहेबांची मान खाली गेली. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या चाचणीची काळजी करू नका. बघून घेऊ आपण."

झालं, मावशीचं डोकं सटकलं. "साहेब, मी लाच खात नाही. सध्या तर मला काहीच खायची परवानगी नाही!"

साहेब आधी दचकले, मग हसले, आणि हसता हसता सिमेंटच्या पोत्यावर बसले. त्यांनाही डॉक्टरनं तंबी दिली होती. साखर वाढली होती. घरी बायको डोळ्यांत तेल घालून बसलेली, म्हणून चोरी इथं. "आणि चाचणीत परीक्षकानं मागून चढायचं असं मीच नियमात लिहिलंय. मी आजवर पहिल्या कट्ट्यापर्यंतही गेलेलो नाही."

"मग कुणी सांगितलं होतं लिहायला?"

"लिहिताना बरं वाटलं."

मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस दुसऱ्याच्या नाडीची गाठ सुटलेली सहन करत नाही आणि स्वतःच्या तोंडाला गाठ मारणं त्याला जमत नाही. तिचंही तेच. "साहेब, आपली पाठ आपल्याला दिसत नाही," ती म्हणाली. "माझी पिशवी तुम्ही तपासा. तुमचं तोंड मी वरून बघते. पण खोटा पास दिलात, तर मांजराचं नाव सगळ्यांना सांगेन."

असा तिला कामावरचा जोडीदार मिळाला. पिशवी दोरीला लागण्याआधी नियमसाहेब ती टेबलावर उलटी करत. "हे काय?"

"अंडं, साहेब. उकडलेलं," शिट्टी म्हणे.

"सोबत हे पिवळं काय?"

"फूल आहे, साहेब. खायचं नाही."

दुपारी मावशीचा आवाज यायचा, "मांजर कुठे आहे?" आणि नियमसाहेब उघड्या मैदानात, सगळ्यांसमोर, आपला भाजीचा डबा घेऊन उभे राहायचे. लोकांना वाटलं खरंच मांजर आहे. कुणीतरी पाइपांच्या ढिगाशी दुधाची बशीही ठेवली.

शिट्टी मात्र रुसला. "आमच्या हातचं कडू झालं का, मावशी?"

"भाऊ, तुमचं गोड मला स्टोअरमध्ये नेऊन बसवेल. तिथं खिडकी नाही."

दुसऱ्या दिवसापासून पिशवीत काकड्या येऊ लागल्या. वेल्डरच्या, गवंड्याच्या, फरशीवाल्याच्या. मावशीला काकडीचा वीट आला, पण पिशवी काही पुन्हा जड झाली नाही.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. एकदा साहेबांचा हात खिशात जाऊन तोंडाकडे वळला, तसा वॉकीटॉकीवर प्रश्न आला, "मांजराच्या खिशात काय आहे?" साहेब चिडले. खिशात खोकल्याची गोळी होती म्हणे. त्या रागात त्यांनी मावशीच्या डब्यातला बटाटा काढून ठेवला. दोघांचं बोलणं बंद झालं. पण अबोला असला की पहारा जास्तच कडक होतो. कुणी तसूभर हललं नाही.

चाचणीच्या सकाळी सासूबाईंनी पायऱ्या मोजल्या नाहीत. "आज दम राखून ठेव," म्हणाल्या आणि खुर्चीतूनच तिचा बेल्ट ओढून बघितला.

लोखंडाच्या काट्यावर मावशी उभी राहिली. काटा डुलला, विचार केला, आणि खुणेच्या जरासा अलीकडे थांबला. शिट्टीनं शिट्टी फुंकली. मग चढण. मावशी पुढे, मागून नियमसाहेब. खाली सगळी पिवळी हेल्मेटं माना वर करून उभी.

पहिले कट्टे बरे गेले. अर्ध्यावर मांड्या पेटल्या आणि छातीत भाता सुरू झाला. मावशी दात दाबून एकेक पायरी घेत राहिली. तेवढ्यात खालून आवाज आला, "मावशी... तुम्ही... व्हा पुढे."

नियमसाहेबांनी शिडीला मिठी मारली होती. डोळे गच्च मिटलेले.

मावशी थांबली तर नापास. वर गेली, तर परीक्षक अर्ध्यावर आणि चाचणी रद्द. "पुढे होऊन करू काय?" ती ओरडली. "सही कोण करणार, मांजर?"

"पाय हलत नाहीत."

मावशी थांबली नाही. पाऊल फक्त सावकाश केलं आणि मोठ्यानं मोजायला लागली. "एक! चढा. दोन! चढा, खाली बघू नका. तीन!" खालून खडखडाट झाला. साहेब निघाले. "वीस, एकवीस, बावीस... कुठे होते मी?"

"बावीस!" साहेब धापा टाकत म्हणाले.

"बावीस कसे होतील? पहिल्यापासून. एक!"

"अहो, बावीस झाले! मी मोजतोय ना!" साहेबांना इतका संताप आला की ते भराभर चढू लागले. तेव्हा कुठे मावशीच्या डोक्यात प्रकाश पडला. मोजणाऱ्यावर चिडलेला माणूस पाय दुखायचे विसरतो. घरची म्हातारी मोजताना एकदाही विसरली नव्हती!

ती हसत हसत केबिनच्या दारात पोचली. हसताना दम लागतो, पण थांबली मात्र कुठेच नाही. मागून नियमसाहेब वर आले, घामानं न्हालेले, आणि काचेवर कागद टेकवून त्यांनी सही केली. पास. बराच वेळ ते बाहेर बघत राहिले. छपरं, रस्ते, लांबवरचं पाणी.

"इथून सगळंच दिसतं?"

"सगळं."

साहेबांची नजर पाइपांच्या ढिगाकडे गेली. तिथं एक पिवळं हेल्मेट बसलं होतं. मांडीवर गुलाबी खोकं. मावशीचा हात हॉर्नकडे गेला.

"थांबा," नियमसाहेब म्हणाले आणि त्यांनी वॉकीटॉकी उचलला. "पाइपांच्या मागे जे मांजर बसलंय, त्यानं बाहेर यावं."

पिवळं हेल्मेट ताडकन उठलं आणि वॉकीटॉकीवर ओरडलं. "साहेब, मावशी पास झाल्या का आधी सांगा!"

"झाल्या."

"मग हा केक आनंदाचा आहे, साहेब! त्यांच्यासाठीच आणला होता. काळजीनं मीच सुरू केला. अर्धा उरलाय. पिशवी सोडा खाली!"

दोरी कठड्याला बांधलेली, पिशवी हाताशी. मावशी नियमसाहेबांकडे बघू लागली, नियमसाहेब मावशीकडे. आधी कुणाचा हात दोरीकडे जातो, ते दोघंही डोळ्यांत तेल घालून बघत होते.