कव्वाली, की बकरी?

दिवाळीच्या पाडव्याला जेवणं उरकली की आम्ही दोघी जावा ओसरीवर अडकित्ता घेऊन बसायचो आणि वर्षाचे नंबर लावायचो. वर्षभरात जे जे ऐकलं त्याचे. सप्ताहातलं भजन, उरुसातली कव्वाली, कुणाच्या लग्नातली सनई, रेडिओवरचं, टेपवरचं, आणि अलीकडे मोबाईलवरचंसुद्धा. व्यापाऱ्याच्या घरात नवं वर्ष पाडव्याला सुरू होतं, म्हणून आमचंही तेव्हाच. पुढं दुकानात पुरुषमाणसं वह्यांना हळदकुंकू वाहायची, इकडं आमचं हे. कागदावर काही नाही, सगळं तोंडी. नियम दोनच. गाणं दोघींनी ऐकलेलं पाहिजे, आणि दोघींचं एकमत झालं पाहिजे. नाही झालं तर पहिला नंबर त्या वर्षी रिकामा. रिकामी वर्षं आमची बरीच गेली, कारण अक्का हट्टी आणि मी तिच्याहून.

यंदाचं भांडण अर्ध्यात टाकून अक्का गेली.

अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. मला ती धाकले म्हणायची. मी लग्न होऊन परभणीत आले तेव्हा तिला अहो-जाहो करत होते. पुढं एकदा कव्वालीवरून भांडताना तोंडातून 'तू' निघालं ते निघालंच, तिनंही परत दिलं नाही.

नवी नवरी असताना मला गाण्यातलं सगळं कळतं असा माझा समज होता. माहेरी रेडिओ होता ना आमच्याकडं. सासरच्या गल्लीत रेडिओ एकच, तोही सोसायटीत, त्यामुळं माझा तोरा काय विचारता. आल्या आल्या आमच्या शेताच्या गावी, झरीला, शिवनाम सप्ताह होता, तिथं मला नेलं. मी काठापदराचं नेसून बायकांत अगदी पुढं बसले. दाद द्यायची तर मोठ्यानं आणि सगळ्यांच्या आधी, एवढं मला पक्कं ठाऊक. पखवाजवाल्यानं धुम्याला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक थापली, हात पुसला आणि एक थाप मारून पाहिली. मी खणखणीत आवाजात म्हणाले, 'व्वा.'

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. अक्कानं पदराखालून चिमटा काढला आणि ओठ न हलवता म्हणाली, "अगं, अजून पीठच लावायलाय त्यो."

ही बया मी. हिनं पुढं हळदीकुंकवात गाणी म्हणायचा सपाटा लावला. बायका वाण घेऊन लवकर लवकर उठायच्या, ते त्यांना घरी कामं असतील म्हणून, असं ही समजायची. शेवटी अक्कानंच एकदा पीठ चाळता चाळता सांगितलं की देवानं तुला कान बरे दिलेत, तू गळ्याच्या मागं लागू नको. मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ती उरुसाला निघाली, तेव्हा चप्पल घालून तिच्या आधी दारात उभी राहिले.

ऐकायला मी तिच्याकडून शिकले. तिनं शिकवलं असं मात्र म्हणता येणार नाही. ती मांडी घालून बसायची, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे अर्धे मिटलेले. मान डोलावणं नाही, हातवारे नाहीत. गाणाऱ्यानं खरंच काही केलं की तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट गुडघ्यावरून जरासं उठायचं आणि घशातून बारीकसं 'हां' यायचं. बस्स. मी गाणाऱ्याकडं कमी आणि त्या बोटाकडं जास्त बघायची. बोट कशावर उठलं ते बघत बघत कानाला वळण लागलं. आसपासच्या गावांतल्या भजन्यांनासुद्धा ते बोट ठाऊक होतं. पोखर्णीला एकदा एक बुवा गाताना सारखे बायकांच्या बाजूला बघत होते. लोक काय समजले असतील कोण जाणे, मला माहीत होतं त्यांना काय हवंय.

यंदाची पहिली कव्वाली उरुसातली, थंडीतली. दोघी शाली गुंडाळून खुर्च्यांवर बसलो होतो. कव्वाल जवान पोरगा, सर्दी झालेला, घडीघडी दस्तीनं नाक पुसायचा. मागं टाळ्या द्यायला एक म्हातारबुवा, दातांची कवळी घातलेला. वरच्या जागेवर जाताना पोराचा आवाज फाटला, आणि फाटला त्याच क्षणी म्हाताऱ्यानं तो सूर खालून असा उचलला की फाटलं होतं हे कुणाला कळलंच नाही. लोकांनी नोटा उधळल्या त्या पोरावर. अक्काचं बोट उठलं ते म्हाताऱ्यासाठी. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, हा यंदाचा पहिला नंबर. ती म्हणाली, वर्ष जाऊ दे की.

मग तिचं पोट दुखायला लागलं. आधी ओवा, मग गोळ्या, मग नांदेड, मग संभाजीनगर. पोटात गाठ निघाली. पुतण्यानं, अक्काच्या मुलानं, आम्हाला जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं आणि अक्काला तेवढंसुद्धा सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. तिनं विचारलं ते एवढंच, की मंगल कार्यालयात पुण्याची कुणीतरी गाणारी यायलीय म्हणत होते, त्याचं काय झालं.

नेलं तिला. उशी घेऊन रिक्षानं. गाणारी पोरसवदा, पण पहिल्याच मिनिटाला तिनं सांगितलं, पंख्यांचा आवाज येतोय, बंद करा. एप्रिलातल्या परभणीत पंखे बंद करायला लावणारी बाई एकतर वेडी असावी नाहीतर मोठी. मोठी निघाली. पूरिया धनाश्री असा लावला की लोक घाम पुसायचं विसरले. मी बोटाकडं बघत होते. एक जागा गेली, दुसरी गेली. ज्या जागेवर ते उठणारच म्हणून मी पैज मारली असती तीही गेली. बोट गुडघ्यावर तसंच.

परत येताना मी विचारलं, आवडलं नाही का?

"बाई लय चांगली गाती," ती म्हणाली. "पण मैफिलीत मागं बसून बायका बोलत राहतात न्हाई का? तसं हे दुखणं मधी मधी बोलायलंय. एक जागा नीट ऐकू देईना."

मी रिक्षावाल्याला खड्डे चुकवून हळू घ्यायला सांगितलं आणि उशी तिच्या पाठीमागं नीट केली.

त्यानंतर ती कुठं गेली नाही. मग मी ठरवलं, गाणं घरी आणायचं. आमच्या झरीच्या शेतात पेरणीआधी खतासाठी मेंढरं बसवतात. धनगरांची दोन-तीन बिऱ्हाडं येतात, कळप रात्री रानात बसतो, जमिनीला लेंडी मिळते. त्यांच्यातला एक म्हातारा ओव्या म्हणतो हे अक्कानं मला पूर्वीच सांगितलेलं. नातसुनेचा मोबाईल मागून घेतला, लाल बटण कसं दाबायचं ते तिच्याकडून शिकले, आणि गेले रानात. म्हाताऱ्याला सांगितलं, मोठ्या जाऊबाईंची तब्येत बरी नाही, त्यांच्यासाठी म्हणा. त्यानं काठी आडवी धरली, खाली बसला आणि एक हात कानावर ठेवून म्हणायला लागला. साथीला काही नाही, उघडं रान. काय आवाज होता. पाणी तापत जावं तसा हळूहळू वर गेला.

मी मोबाईल उलटा धरला होता. आवाज घेणाऱ्या त्याच्या कानावर माझा अंगठा. त्यामुळं ध्वनिमुद्रण झालं ते असं: आधी माझ्या बांगड्या, मग लांबून म्हातारा, मधेच जवळून एक बकरी, आणि अगदी ऐन जागेवर, सगळ्यांवर कडी करून, माझं 'व्वा'. इतक्या वर्षांनीसुद्धा माझ्यातली ती मांडवातली नवरी मेलेली नाही.

अक्कानं ते पडल्या पडल्या ऐकलं. उशीवर हात होता. बकरी ओरडली आणि म्हातारा वर गेला तेव्हा बोट उठलं. मी पाहिलं. उन्हाळ्यातलं, आणि तिच्या आयुष्यातलंही, ते शेवटचं.

"परत लाव," ती म्हणाली. परत लावलं. हसली, हसताना पोट धरलं. "बकरी सुरात हाय बघ. तूच न्हाईस."

मग म्हणाली, हा पहिला नंबर. मी म्हणाले, शक्य नाही. कव्वाली. ती म्हणाली, कव्वाली दोन. मी म्हणाले, ज्यात माझाच अंगठा आहे त्याला मी पहिला नंबर देणार नाही, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, लोकांना कोण इचारायलंय. मी हटले नाही. खरं सांगायचं तर मला म्हाताऱ्याची ओवीच जास्त आवडली होती. पण मी हो म्हणाले असते तर निकाल लागला असता, आणि मला निकाल नको होता. मला पाडव्यापर्यंत भांडण पाहिजे होतं. भांडण अर्धं असताना अक्का कुठं उठून जात नाही, हा माझा हिशेब. गेल्या कित्येक वर्षांत कधी गेली नव्हती.

"पाडव्याला बघू," ती म्हणाली.

भादव्यात गेली. सकाळी चहा घेतला नाही, दुपारपर्यंत सगळं संपलं.

आम्हा लिंगायतांत मयताला आडवं निजवत नाहीत, बसवतात. मांडी घालून, कपाळाला भस्म, डाव्या तळहातावर इष्टलिंग, उजवा हात गुडघ्यावर. फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे पालखीसारख्या मखरात, माणूस बसलेला असतो आणि समोर भजन होतं. अंगणात झरीचे भजनी आले, पोखर्णीचे ते बुवा आले. पखवाजवाल्यानं हळूच कणीक मागितली. सप्ताहात पखवाजाची कणीक अक्का भिजवायची. सैल झाली तर धुमा बोलत नाही, घट्ट झाली तर गळून पडते, असं म्हणत दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. घरात चूल पेटलेली नव्हती. नातसून शेजारी विचारायला निघाली, तर मीच उठले आणि भिजवली. त्यानं धुम्यावर थापली, हात पुसला, एक थाप मारून पाहिली. पदराखाली माझ्या दंडाला कुणी चिमटा काढला नाही.

बुवा गायला लागले. आता हे लिहू की नको असं वाटतं, पण ज्यानं आयुष्यभर ऐकलं त्याचे कान अशा वेळी बंद होत नाहीत. मला रडायचं होतं आणि कान ऐकत होते. डावीकडचा टाळ जरा पुढं पळतोय, हेही ऐकत होते. बुवांचं वय झालंय, श्वास पुरत नाही, आणि म्हणूनच की काय, जिथं ते पूर्वी सरळ जायचे तिथं आता थांबून, वळून, एक लहानशी पायरी उतरून समेवर आले. पोखर्णीला नाही, झरीला नाही, कुठंच त्यांनी असं केलेलं मी ऐकलं नव्हतं.

माझे डोळे तिच्या बोटाकडं गेले.

ती पुढ्यातच बसली होती. नेहमीसारखी, मांडी घालून, हात गुडघ्यावर, डोळे मिटून. इतकी नेहमीसारखी की मी वाट पाहिली. आणि बोट उठेना तेव्हा माझ्या घशातून 'हां' निघालं. माझं ते मोठं 'व्वा' असतं तर मी समजू शकले असते. हे तिचं होतं, तेवढंच बारीक.

शेजारच्या बायकांना वाटलं मला हुंदका आला. कुणीतरी पाठीवरून हात फिरवला. पण बुवांनी मान वर केली. मयताच्या भजनात दाद कुणी देत नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, विमानाकडं पाहिलं, आणि तीच ओळ परत घेतली, तशीच पायरी उतरून.

पाडव्याला मी ओसरीवर बसले. सवयीनं दोघींपुरती सुपारी कातरली. नातसून गुणाची पोर, मला एकटं वाटू नये म्हणून अक्काच्या जागेवर येऊन बसली. म्हणाली, आजी, सांगा, यंदा पहिला कोण. मी म्हणाले, कव्वाली. तर म्हणाली, हो, कव्वालीच. मी म्हणाले, का गं, बकरीवाली ओवी काय वाईट होती? तर म्हणाली, तुम्ही म्हणाल तर ओवी. मी सुपारी चघळत राहिले. दहा मिनिटांत वर्षाचे सगळे नंबर लागले असते असं भांडण ते.

थोड्या वेळानं तिनं भीत भीत विचारलं, "आणि आजी, त्या दिवशीचं भजन? ते धरायचं का?"

नियमाप्रमाणं ते दोघींनी ऐकलेलं पाहिजे. एक तर समोरच बसली होती. मी अडकित्ता उघडला, मिटला.

"अक्काला पसंत पडलं का न्हाई, ते कळलं न्हाई गं," मी म्हणाले. "ऱ्हाऊ दे रिकामा."

मग तिच्याकडून मोबाईल मागून घेतला आणि भरलेलं ऐकायचं तर काय दाबायचं ते परत विचारलं. आधी बांगड्या वाजल्या. मग लांबून म्हातारा. बकरी येईपर्यंत मी उजव्या हाताचं पहिलं बोट गुडघ्यावर घट्ट दाबून ठेवलं.