अकोट रस्त्यावरचा पोसायडन आणि त्याच्या टाचा

माझा मामेभाऊ गजानन याने फोनवर एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'ताई, नवा महादेव पाहाले ये. याच्या पायाशी गोड पानी लागलं.' फोटोत दाढीवाला, पिळदार अंगाचा पुरुष, हातात त्रिशूळ. जटा नाहीत, गळ्यात नाग नाही, पायाशी मात्र भला मोठा मासा. मला शंका यायला एवढं पुष्कळ झालं. हा कुठला महादेव! हा तर ग्रीक पुराणांतला समुद्रदेव, पोसायडन. आणि खारपाणपट्ट्यात गोड पाणी? गजानन घरची कोरडवाहू जमीन विकून या मूर्तीशेजारचं शेत घेणार होता, फुलशेतीसाठी. दुसऱ्या दिवशी इसार द्यायचा होता. मी लगेच बॅग भरली.

जायचं असेल तर अमरावतीहून दर्यापूरमार्गे एसटी घ्या. बायकांना अर्धं तिकीट. उजवीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. निघण्याआधी गिला वडा खाऊन घ्या आणि पाण्याच्या दोन बाटल्या बरोबर ठेवा. पुढे विहिरींचं पाणी इतकं खारं की डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. दोन्ही बाजूंना काळी, सपाट जमीन बघताना मला राहून राहून वाटत होतं, गजाननला कुणीतरी गंडवतंय.

फाट्यावर तो मोटरसायकल घेऊन उभा होता. "कावून इतकी घाईनं आली वं ताई?"

"तुझा देव बघायला."

रस्त्याला लागूनच लग्नाचं लॉन आहे. मालकाने कारंज्याच्या शोभेला ही मूर्ती आणली होती. लोकांनी त्रिशूळ पाहिला आणि कुणी कपाळाला भस्माचे पट्टे ओढले, कुणी बेल वाहिला. माशाच्या तोंडात उदबत्त्या खोचलेल्या. मालकाने कुणाला अडवलं नाही. शेजारचं शेतही त्याचंच, विकायला काढलेलं.

"देवानं तिरशूल रोवला अन् गोड पानी निंगालं," मालक म्हणाला आणि नळाचं पाणी पेल्यात भरून दिलं. पाणी खरंच गोड होतं. गजानन माझ्याकडे असा बघत होता, जणू ते पाणी त्यानेच काढलं.

पण मला आठवत होती ती गोष्ट वेगळी. अथेन्स शहरावरून या देवाची एका देवीशी चढाओढ लागली. याने खडकावर त्रिशूळ मारला आणि पाणी काढलं, तेही खारं! देवीने जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं झाड दिलं आणि लोकांनी तिलाच निवडलं. गोड पाणी हा या देवाचा प्रांतच नव्हे.

"कारंजं बंद का आहे?" मी विचारलं.

"मोटर जळली."

"त्याला पाणी कुठलं?"

"बोअरचं."

"आणि नळाला?"

मालकाला तेवढ्यात फोन आला, तो बाजूला गेला. मी फोन वाजल्याचं ऐकलं नव्हतं. मी कारंज्याच्या कोरड्या हौदात उतरले. देवाच्या पोटरीपर्यंत पांढरा थर चढला होता. गजाननला हाक मारली. त्याने नखाने थोडा खरवडला, जिभेवर ठेवला.

"खारट," तो म्हणाला. डोळे भरून आले होते त्याचे. "ताई, शेवंतीची रोपं सांगून ठेवली होती मी."

बोअरचं पाणी खारं, म्हणजे नळाचं गोड पाणी बाहेरून आणलेलं असणार. मला अतिशय वाईट वाटलं. खरं ठरल्याचा आनंद अजिबात झाला नाही. जाताना त्याने मूर्तीला हात जोडले. मी विचारलं, आता कशाला? "यानं तं खरंच सांगतलं ना," तो म्हणाला.

इसार दिला नाही. मालकाला त्याने सांगितलं, देवाचा कौल नाही आला. भांडण टळलं.

घरी येऊन आठवडा झाला. अमरावतीत नळाचं पाणी पितानाही आता आधी घोटभर चाखून बघते, स्वभावच संशयी. काल गजाननची बायको सुनीता फोनवर सांगत होती, "ताई, तो लॉनवाला आता रोज सकाळी देवाचे पाय लिंबानं घासून राह्यला. लोक म्हणतात, काय भक्ती आहे!" शेतासाठी नवं गिऱ्हाईकही आलंय म्हणे.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्या रस्त्याने गेलं, तर देवाचे पाय समोरून बघू नका. हौदात उतरा आणि टाचांमागे बोट फिरवून ते चाटून बघा.