टोपण लावलेलं पेन

अर्विंग शहरातल्या गाड्यांच्या एका शोरूममध्ये कागदपत्रं करणारे काका आहेत, नागपूरकडचे. मी त्यांना रोज दुपारी डबा पोचवतो. डबा हातात घेण्याआधी ते बाहेर येऊन माझ्या गाडीचा मीटर बघतात आणि नाडी तपासावी तसं विचारतात, "किती झाले रे मैल?"

गाडी आवाज करायला लागली तेव्हा मी त्यांच्याच टेबलापुढे जाऊन बसलो. नवी गाडी लीजवर, म्हणजे तीन वर्षांच्या भाड्यानं घ्यायची, जास्त मैल चालवायची मुभा असलेली. जुन्या गाडीचं कर्ज तिच्या किमतीपेक्षा चार हजार डॉलरनं जास्त होतं. ते नव्या हप्त्यांत घालून मिळणार होतं. काकांनी कागद काढले. मी पेन मागितलं.

"वाचलं का?"

"तुम्ही वाचलंय ना, काका."

आपला माणूस, त्यात वडीलधारा. त्याला काय विचारायचं?

काचेपलीकडून मॅनेजर बघत होता. काकांनी पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं. "तीन वर्षांनी ही गाडी परत देशील, तेव्हा ते चार हजार कशाचे भरले असशील?"

मी नववीत शाळा सोडलेला. फळ्यापुढे उभं केल्यासारखं झालं. म्हणालो, "आधीच्या गाडीचे."

"आणि तेव्हा दारात गाडी कोणती?"

"कोणतीच नाही."

"मग जुनीच दुरुस्त कर. दे डबा, भूक लागली."

गाडी अजून आवाज करते. हायवेवर ती बंद पडेल अशी भीती वाटते. पण शोरूमकडे वळताना भीती वेगळीच असते: गिऱ्हाईक परत पाठवलं म्हणून मॅनेजरनं काकांना काढलं तर नसेल? काका दारात दिसले की मगच जीव भांड्यात पडतो.