दुखवट्याच्या वर्षी लावलेला दगड

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात घराच्या दर्शनी भिंतीला सगळे एलिवेशन म्हणतात. मिस्त्री म्हणतो, दुकानदार म्हणतो, आणि ज्याचं घर असतं तोही चार दिवसांत म्हणू लागतो. आमच्या घराचं एलिवेशन म्हणजे बाबांनी नोकरीत असताना बांधलेली विटांची भिंत आणि तिच्यावर चुन्याचा गिलावा. पुढे तिला लोणा लागला. पापुद्रे सुटले, खालच्या विटांचा भुगा होऊ लागला. बाबा दर दिवाळीला तिला रंग द्यायचे आणि होळीपर्यंत तो गळून पडायचा. शेवटी त्यांनी एकदाचं मनावर घेतलं. खिडकीच्या उंचीपर्यंत दगडी पट्ट्या आणि वर विटेसारख्या दिसणाऱ्या पातळ टाइल्स, असं ठरलं. माल आणून अंगणात ताडपत्रीखाली रचला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बाबा गेले.

घरात कोणी गेलं की वर्षभर आमच्याकडे घराला रंग देत नाहीत. त्यामुळे भिंतीचा विषय आपोआप मागे पडला. पण त्या पावसानं काही सुतक पाळलं नाही. गिलाव्याचा एक मोठा तुकडा फाटकाजवळ पडला आणि आईच्या खोलीत ओल आली. मिस्त्री बिरसा गावाकडचा. तो म्हणाला, दसरा झाला की लगेच करून देतो, नाहीतर मी धान कापायला गावी जाणार, मग होळीनंतरच. भाऊ म्हणाला, करून टाकू. आई म्हणाली, "वर्ष तं होऊ दे."

प्रकरण काकांकडे गेलं. काका तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, पण निकाल द्यायची सवय काही सुटलेली नाही. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, चहा संपवला आणि म्हणाले, "रंग म्हंजे हौस. दगड म्हंजे दुरुस्ती. दुरुस्तीले काही हरकत नाही." निकाल आम्हा सगळ्यांच्या सोयीचा होता, त्यामुळे कोणी अपिलात गेलं नाही.

मग मिस्त्री अडून बसला. "बिना नारियल के मैं दीवार को हाथ नहीं लगाता, दीदी." दुखवट्याच्या घरात शुभारंभाचा नारळ कसा फोडायचा? शेवटी शेजारच्या काकूंनी आमच्या भिंतीच्या नावानं स्वतःच्या पायरीवर नारळ फोडला आणि प्रसाद आमच्याकडे आणून दिला. आम्ही खाल्ला. शास्त्र इतकं लवचिक असतं, हे मला तेव्हा कळलं.

काम मात्र नीट झालं. मिस्त्रीनं सुटलेला गिलावा पार विटेपर्यंत उतरवला, भिंत पाण्यानं धुतली, सुकू दिली, नवा गिलावा केला आणि मग एकेक पट्टी चिकटवत खालून वर गेला. दगड करडा, मधूनच पिवळसर. संध्याकाळी भाऊ पाइप घेऊन वरच्या सांध्यांवर पाणी मारायचा आणि येणारे-जाणारे उभे राहून बघायचे.

त्याच दिवसांत एकदा आईनं मला विचारलं, "दिवाळीच्या आत होईन ना हे? लोक येतीन."

दुखवट्याच्या पहिल्या दिवाळीला घरात कढई चढत नाही. फराळ नाही, फटाके नाहीत, देवापुढे एकच दिवा. पाडव्याला नातेवाईक डबे घेऊन येतात आणि त्या घरातल्यांना दोन घास खाऊ घालतात. येऊन बसायचं आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं, एवढंच काम. आई त्या दिवसाची वाट बघत होती, हे मला तिच्या पुढच्या बोलण्यातून कळलं.

"तेरवीपर्यंत मले भानच नव्हतं. कोण आलं, कोण गेलं, काही आठवत नाही. तुमच्याजवळ बोलाले गेली का तू रडतं, आन् तुहा भाऊ उठून जाते. पाडव्याले मोठी माणसं येतीन, त्याइच्याजवळ बोलता येईन."

मी हो म्हटलं. तेव्हाही माझे डोळे भरलेच होते.

पाडव्याला लोक आले. आई पुढच्या खोलीत सतरंजीवर बसली होती, पण कोणी लगेच आत येईना. फाटकाशीच सगळे थांबायचे. कोणी दगडावरून हात फिरवायचं, कोणी बोटानं ठोकून बघायचं. पडत तर नाही ना? धूळ बसते का? धुता येतो का? खिडकीतून सगळं आत ऐकू येत होतं. आत आल्यावर आईसमोर क्षणभर चेहरे उतरायचे, डबा उघडला जायचा, एक घास भरवला जायचा, आणि मग कोणीतरी म्हणायचं, "पण घर लय सुंदर झालं, वहिनी." तिथून पुन्हा दगड. भाऊ उत्साहानं सांगत होता, आणि त्याचं चुकलं की मी दुरुस्त करत होते. आई प्रत्येक माणसाकडे बघायची, काहीतरी सुरू करायची, आणि तेवढ्यात कोणी मिस्त्रीचा फोन नंबर मागायचं. मला राग येत होता, पण रागवावं असं कोणी काही केलेलं नव्हतं.

दुपारनंतर वारासिवनीहून बाबांचे मावसभाऊ आले. त्यांचं स्वतःचं घर बांधून होत आलं होतं. त्यांनी बाहेरून फोटो काढले, आत येऊन आईसमोर बसले, आणि मोबाइल तिच्यापुढे धरत म्हणाले, "वहिनी, या खालच्या पट्ट्या आन् वरची वीट, याच्यामंधी जोड कसा देल्ला?"

आईनं मोबाइल हातानं बाजूला केला.

"दगडाचं उद्या इचारा, भाऊजी. आज हे कसे गेले, थे इचारा."

त्यांनी मोबाइल खिशात घातला. "कसे गेले, वहिनी?" ते म्हणाले.

आई सांगू लागली. रडत नव्हती. सकाळी आंघोळ करून ते खाटेवर बसले होते. वाकवत नव्हतं, म्हणून त्यांच्या पायाची नखं तीच कापायची. उजव्या पायाची झाली. डावा पाय तिनं मांडीवर घेतला, तर ते म्हणाले, थांब जरा, घाबरल्यासारखं वाटून राह्यलं. आडवे झाले. ती पाय धरून तशीच बसून राहिली, आता उठतील, मग उठतील म्हणून.

"एका पायाची तशीच राह्यली," आई म्हणाली. "तशेच नेले त्याइले."

त्या सकाळी मी पलीकडच्याच खोलीत होते. पण नखांचं हे मला आज पहिल्यांदाच कळत होतं.