काविळीची माळ आणि विम्याचं कार्ड

ये वं पोरी, जवळ येऊन बस. दारातूनच हो-हो काय करून राह्यली? दुसऱ्या राज्यात नोकरी लागली, रोज जाणं-येणं आहे, अन् तो विम्याचा फारम न वाचताच सही करून दिला म्हणतं! असं करतात का कोणी? आता तुया आबाचं काय झालं ते ऐक. मले स्वतःलेच ते अजून पुरतं समजलं नाई, हे आधीच सांगून ठेवते.

ऐंशी सालाच्या जरा अलीकडची गोष्ट. आमचं घर इकडे महाराष्ट्राच्या शिवेवर, अन् आबाचा कारखाना पलीकडे, मध्यप्रदेशात. मध्ये एक नाला, बस. म्हशी चरत चरत त्या राज्यात जायच्या अन् संध्याकाळी या राज्यात दूध द्यायच्या, त्यायले कोणी विचारत नव्हतं. आबाचंही तसंच. सकाळी डबा घेऊन सायकलनं जायचं, दिवे लागायच्या वेळी घरी. कारखान्यानं त्यायले विम्याचं कार्ड दिलतं, त्यावर पलीकडच्या विम्याच्या दवाखान्याचं नाव. मी ते देवाच्या फोटोमागं ठेवलं. म्हणलं, आता दुखण्याखुपण्याची काळजी नाई.

पोळा झाला अन् आबाले कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, उभं राह्यलं की चक्कर. आमच्या गावात काविळीले आधी माळ. एक म्हातारी मुळ्यांच्या बारीक काड्यांची माळ गुंफून द्यायची, ती डोक्यावर ठेवायची. रोज ती थोडी थोडी लांबते, कानापाशी येते, मग गळ्यात, मग छातीवर. माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली. तसं आमच्या बाजूच्या सरकारी डॉक्टरलेही दाखवलं. त्यानं कागद लिहून दिला, तीन आठवडे आराम.

पाचव्या दिवशी आबाचा कारखान्यातला सोबती घरी आला. तो पलीकडेच राहायचा. म्हणे, "वहिनी, दहा दिवसांत विम्याच्या दवाखान्याचा दाखला पोचला नाई तं नाव कापतात. बदली माणूस उभाही केला."

ती नोकरी गेली असती तं दुसरी कोण देणार होतं? मी निघाली. कार्ड घेतलं, डॉक्टरचा कागद घेतला, अन् हसू नको, आबाच्या डोक्यावरची माळही काढून घेतली.

"अवं, माळ काऊन काढून राह्यली?"

"पुरावा आहे तो. अजून कानापाशीच आहे. कोणीही पाहील तं समजल किती दुखणं बाकी आहे."

"म्हणजे माही कावीळ आता तुया पिशवीत?"

"तुमी गुमान पडून राहा."

दवाखान्यातला बाबू हिंदीत बोले. "मरीज कहाँ है?"

"घरी."

"घर कहाँ?"

"नाल्याच्या पलीकडे."

"मतलब महाराष्ट्र." त्यानं कागद उलटापालटा केला. "यह ठप्पा उधर का है. मरीज को लाओ."

"अहो बाबूजी, तो उठू शकत नाई, म्हणून तं मी आली."

"उठ नहीं सकता, यह कौन लिखेगा?"

"या डॉक्टरनं लिहिलं ना."

"वह तो उधर का है."

असे आम्ही घाण्याच्या बैलासारखे फिरत राह्यलो. शेवटी मी माळ काढून टेबलावर ठेवली. बाबू खुर्चीसकट मागं सरकला. रांगेतला एक म्हातारा म्हणे, "बाबूजी, पीलिया की माला है. कान तक ही उतरी है." बाबूनं वाकून पाह्यलं. मग हळूच म्हणे, "मेरे पिताजी की तो आठ दिन में गले तक आई थी." मले वाटलं, झालं काम! पण तो लगेच म्हणतो, "लेकिन बहनजी, इस पर ठप्पा कहाँ लगाऊँ?"

मग आठव्या दिवशी आबाले घोंगडीत गुंडाळलं, बैलबंडीत निजवलं अन् नाला ओलांडला. तिथल्या डॉक्टरनं डोळे पाह्यले अन् मलेच झापलं, एवढ्या आजारी माणसाले हलवलं कशाले म्हणून. मी बाबूकडे पाह्यलं, बाबूनं रजिस्टरात डोकं घातलं. दाखला मिळाला, पण एकाच आठवड्याचा. दर आठवड्याले रोग्यानं स्वतः यायचं. दर खेपेले बंडीत हादरे कोण खाणार? सोबत्यानं त्याच्या घरची एक खोली दिली, अन् आम्ही तिथंच मुक्काम केला. गावात कोणी विचारलं का कुठं गेलते, तं सासू सांगे, "आजारी पडायले गेले पलीकडे."

माळ छातीवर आली, डोळे पांढरे झाले. नाव कापल्या गेलं नाई. आबा कामावर लागले.

शेवटचा दाखला घ्यायले गेलो तवा बाबू म्हणे, "उधर के डॉक्टर का कागज अर्जी के साथ डाक से भेज देते, तो शायद चल जाता."

"मग तवाच काऊन नाई सांगितलं?"

"आपने पूछा नहीं."

शायद म्हणे! चाललं असतं का नसतं, हे मी पुढं दोघातिघायले विचारलं. एक हो म्हणे, एक नाई म्हणे, तिसरा म्हणे कार्ड दाखवा. माणूस एका राज्यात दुखतो अन् त्याचं दुखणं दुसऱ्या राज्यात खरं होते, हे माया डोक्यात अजूनही बसत नाई.

म्हणून म्हणते, तुया फारमात घर कुठलं लिहिलं अन् दवाखाना कुठला, ते पाहून घे. इकडे घरी पडलीस तं कोणाचा कागद चालते, ते आताच लेखी विचार, धडधाकट आहेस तवर. अन् त्या फारमाची नक्कल घेऊन ये. मले काही समजणार नाई, पण काय विचारायचं राह्यलं ते मी बरोबर सांगीन. लय दिवस लावू नको, या इतवारीच येजो.