कंट्रोलरची खांदशेकणी

अन्याय झाला तो माझ्या मावशीवर. पोळ्याच्या आठवड्यातल्या सोमवारी, सकाळी साडेअकरा वाजता, मध्य प्रदेशातल्या बालाघाट शहरात, एका ई-रिक्षा शोरूमच्या सर्व्हिस काउंटरवर. साक्षीदार मी. नुकसान झालेले पक्ष: मावशी, तिची हिरवी ई-रिक्षा आणि त्या रिक्षातून रोज शाळेत जाणारी सहा लेकरं.

काउंटरवरच्या माणसानं सीटखालचा कंट्रोलर काढून समोर ठेवला होता. कंट्रोलर म्हणजे ॲल्युमिनियमचा डबा. बॅटरीतली वीज मोटरला किती द्यायची हे तो ठरवतो. दोन दिवस आधी रेल्वे फाटकाजवळच्या खोलगट रस्त्यात रिक्षा अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात गेली आणि तिथंच बसली. काउंटरवाल्यानं डब्याचं झाकण उघडून दाखवलं. आत बोर्ड दिसेल, तारा दिसतील असं मला वाटलं होतं. आत काठोकाठ काळी राळ ओतलेली होती, डांबराच्या वडीसारखी.

"ये सील्ड है आंटी, खुलता नहीं," तो म्हणाला. "नया मँगाना पड़ेगा. दिवाली के बाद आएगा."

मावशीनं विचारलं, "काहून नाही खुलत? तुमीच बंद केलं नं?"

तो हसला. वाईट नव्हतं ते हसणं, पण मला ते सहन झालं नाही.

मी पत्रकं लिहिते. आमची दहा-बारा जणांची टोळी आहे. कुठं नळाला पाणी नाही, कुठं रेशनच्या दुकानावर चार दिवस कुलूप, की आम्ही रात्रीतून मजकूर तयार करतो आणि सकाळी बसस्टँडवर वाटतो. कोणावर अन्याय, कधी, कुठं, आणि आमची मागणी काय. पत्रक हिंदीत असतं, कारण आमच्या वयाची अर्धी मराठी पोरं मराठी वाचताना अडखळतात. हे मात्र मराठीत लिहिते आहे. गोष्ट मावशीच्या अंगणात घडली, आणि त्या अंगणात रागावणं आणि हसणं दोन्ही मराठीतच चालतं.

दिवाळीनंतर म्हणजे काय, ते त्या काउंटरवाल्याला कळलं नसावं. लेकरांच्या घरच्यांनी मावशीला स्वच्छ सांगितलं होतं: पोळ्याची सुटी संपून शाळा उघडेल त्या सकाळी रिक्षा दारात आली तर ठीक, नाही तर आम्ही व्हॅन लावतो. त्यांचंही चूक नव्हतं. पण ही फेरी मावशीनं घरोघर जाऊन, एकेका आईचा विश्वास मिळवून उभी केली होती. कोणतं लेकरू खिडकीशी बसलं की डबा आधीच संपवतं आणि कोणती दोघं शेजारी बसली की एकमेकांच्या वेण्या ओढतात, हे तिला पाठ होतं. फेरी एकदा व्हॅनकडे गेली की परत येत नाही. मग स्टँडवर उभं राहून सवाऱ्यांसाठी ओरडायचं.

मी तो डबा उचलला आणि मैत्रिणीकडे गेले.

माझी मैत्रीण पॉलिटेक्निकची डिप्लोमावाली आहे. स्टँडमागे तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. नम्रता तिला शिवलेली नाही. दुकानाच्या काचेवर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय, 'जहाँ सब हारे, यहाँ पधारें'. तिनं राळेत अंगठ्याचं नख दाबलं. नख रुतलं.

"नशीब काढलं मावशीनं," ती म्हणाली. "दगडासारखी राळ असती तर मी पण हात जोडले असते. ही गरम केली की मऊ पडते. टाइम लागेल, पण निघेल."

मी तिथंच उभ्या उभ्या पत्रकाचा मथळा सांगितला: 'काली राल, काला कारोबार'. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या टेबलावर चहा सांडला. राळ वाईट नसते, म्हणाली. पाणी, धूळ, धक्के यांपासून बोर्ड वाचावा म्हणून ती ओततात. राळ नसती तर मावशीची गाडी दोन पावसाळे आधीच बसली असती. वाईट काय, तर राळेखाली काय आहे त्याचा नकाशा न देणं आणि वर खुलत नाही म्हणून सांगणं. मथळा मी खोडला. तिचं बोलणं बरोबर होतं आणि मथळा चांगला होता, दोन्हीचं दुःख झालं.

काम सुरू झालं पोळ्याच्या आदल्या दुपारी, मावशीच्या अंगणात. मैत्रिणीचे नियम कडक. बंद खोलीत राळ तापवायची नाही, तिचा धूर छातीत बसतो. टेबलफॅन आमच्या पाठीमागं लावलेला, नाकातोंडाला ओढण्या बांधलेल्या. आणि लोखंड चालणार नाही. सुरी नाही, पेचकस नाही. लोखंड निसटलं तर बोर्डावरच्या केसासारख्या तांब्याच्या वाटा कापून टाकतं. बांबू लागेल.

बांबूची आमच्याकडे काय कमी. मावशीनं जुन्या टोपलीच्या कमच्या काढल्या, विळीवर बसून त्यांना टोकं केली आणि भाजी चिरल्यासारखा ढीग लावला. मैत्रीण गरम हवेच्या बंदुकीनं थोडी जागा तापवायची, राळ गार पिठल्याच्या वडीसारखी लुसलुशीत व्हायची, आणि आम्ही कमच्यांनी ती उकरायचो. तापवायचं, उकरायचं, थांबायचं. जास्त तापवलं तर खालचे सुटे भाग हलतात. शेजारच्या दोघी जणी काय चाललंय ते बघायला आल्या आणि बसल्याच. चारोळी फोडायला बसतात तशा बसल्या. त्यांच्या बोटांना हे काम कोणी शिकवावं लागलं नाही. एकीनं विचारलं की आत काय निघणार आहे. मावशी म्हणाली, "सासूचं सोनं."

गप्पांना ऊत आला. कोणाच्या सुनेनं पुरणात मीठ टाकलं, कोणाच्या घरचा मातीचा बैल ओलाच राहिला. मी मध्येच कंपन्यांच्या दडपशाहीवर दोन वाक्यं बोलले. कोणी ऐकलं नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा बोर्डाचा हिरवा रंग दिसला. सगळ्या जणी पुढं वाकल्या. बाळाचं डोकं दिसावं तसं. मैत्रिणीनं भिंग लावलं, मीटरच्या सुया टेकवल्या, आणि एका कोपऱ्यातल्या आठ पायांच्या चिपवर थांबली. तारेच्या फटीतून पाणी राळेखाली शिरलं होतं. चिपच्या एका पायाभोवती बारीक गोल भेग पडली होती आणि पोटाखाली हिरवा गंज धरला होता. चिप उचलायची, गंज धुवायचा, परत बसवायची. बस, एवढं.

आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. अशी चिप दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. चार पाय इकडं, चार तिकडं. उलटी बसवली तरी बसते, फक्त चालत नाही. म्हणून तिच्या एका कोपऱ्यावर सुईच्या टोकाएवढा ठिपका असतो. तो राळेनं बुजला होता. पण बोर्डावर तिची खूण साफ दिसत होती, म्हणून चिप उचलण्याआधी मैत्रिणीनं आपल्या सवयीप्रमाणं त्या कोपऱ्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. मग गरम हवेनं चिप सुटवली, चिमट्यानं उचलली, चिकटलेली राळ निघावी म्हणून नेलपॉलिश काढायच्या पाण्यात बुडवली, आणि वाळायला स्टीलच्या झाकणीत ठेवून आम्ही चहाला आत गेलो.

हो, नेलपॉलिश काढायच्या पाण्यात. आम्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मावशी चहाला आली नाही. तिची खांदशेकणीची वेळ झाली होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात आणि त्यांना आवतन देतात. मावशीच्या माहेरी, लालबर्‍याकडे, बैलजोडी होती. इथं नाही. म्हणून रिक्षा घेतल्यापासून ती रिक्षाची खांदशेकणी करते. पळसाच्या पानानं हँडलच्या दोन्ही बाजूंना हळद-तूप चोळायचं आणि म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. कोणी हसलं तर तिला फरक पडत नाही.

चहा पिऊन आम्ही बाहेर आलो. मैत्रिणीनं चिमट्यात चिप धरली, कोपऱ्यावर लाल ठिपका पाहिला, बोर्डावरच्या खुणेशी जुळवला आणि आठही पाय सोल्डरिंगनं झरझर डाखले. हात तिचा खरंच सुंदर चालतो. मग तपासणी. बॅटरी आणि कंट्रोलर यांच्या मध्ये तिनं घरातला जुना पिवळा बल्ब जोडला. आत कुठं वीज नको तिकडं पळाली तर बल्बची तार लाल होते आणि बोर्ड वाचतो.

बटण दाबलं. बल्बची तार लाल झाली. ती विझेना.

मैत्रिणीनं बटण बंद केलं, भिंगातून पाहिलं, परत पाहिलं. मी मनात हिशोब मांडू लागले की शोरूमसमोर धरणं द्यायचं तर परवानगी कोणाकडून. मावशी पायरीवर बसली होती. तिच्या मांडीवर हळद-कुंकवाची थाळी होती.

"एवढं आवतन देल्लं त्याले," ती म्हणाली, "तरी नाही उठला."

मैत्रिणीनं मान वर केली. "कोणाले देल्लं, मावशी?"

"सगळ्याईले देल्लं. हँडलले, बॅटरीले. आन तो आठ पायाचा किडा नाही का झाकणीत पडला होता? त्याच्या कपायाले तुपाचं बोट लावून कुंकू लावलं. सगळं दुखणं त्याचंच नं?"

"कपाळ कोणत्या बाजूनं होतं?"

"आता मले काय मालूम वं पोरी. जिकडं तोंड वाटलं तिकडं लावलं."

मैत्रिणीनं बोर्ड भिंगाखाली धरला, नखानं ठिपका खरवडला आणि बोट हुंगलं. तूप. तिचा नेलपॉलिशचा ठिपका त्या पाण्यातच धुऊन गेला होता, आणि कुंकू लागलं होतं भलत्याच कोपऱ्यावर. इतक्या लोकांनी हारलेलं इथं पधारलं, आणि ती मावशीच्या कुंकवानं हारली. आधी ती हसली. मग आम्ही सगळ्या. एका शेजारणीला हसता हसता उचकी लागली. मावशी काही वेळ रागावून पाहत होती. मग तीही पदरात तोंड घालून हसायला लागली. म्हणाली, "बैल असता तर त्यानं सांगितलं असतं, बापा, माहं तोंड इकडं हाय म्हणून."

चिप पुन्हा उचलली. या वेळी मैत्रिणीनं वरची राळ बांबूनं खरवडून खरा ठिपका शोधला आणि सगळ्यांना भिंगातून दाखवला, कपाळ कुठं असतं ते. चिप फिरवून डाखली. बटण दाबलं. बल्बची तार क्षणभर लाल झाली आणि विझली. मग बल्ब काढून कंट्रोलर सरळ बॅटरीला जोडला. मावशीनं हळूच हँडलची मूठ पिळली, आणि विटांवर उचलून ठेवलेलं मागचं चाक फिरायला लागलं. चाक फिरत होतं आणि पाच बाया त्याच्याकडे पाहत होत्या, गंगाळातल्या पाण्यात चंद्र पाहावा तशा.

बोर्डावर मैत्रिणीनं नवी राळ ओतली नाही. पारदर्शक रबरासारखा लेप दिला. पाणी शिरणार नाही, पण उद्या कोणाला उघडायचं असेल तर तो नखानं सोलता येतो. आतलं सगळं दिसतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच पोचले, चला मावशी, एक चक्कर. मावशी म्हणाली नाही. पोळ्याला बैलाला जुंपत नाहीत. गाडी दुरुस्त आहे, अंगणात उभी आहे, गळ्यात झेंडूची माळ आहे, आणि तिच्यासमोर पुरणपोळीचं ताट. मी सीटखाली वाकून तारा पुन्हा पुन्हा तपासत होते. मावशी शांतपणे रिक्षाला पोळी दाखवत होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, लेकरांच्या तान्ह्या पोळ्याला मात्र ती निघाली. सहाही लेकरं आपापले लाकडी बैल घेऊन आत कोंबली होती. बैलांना झुली, बेगड, कागदाची शिंगं. रिक्षाच्या आरशांनाही बेगड. घरोघर थांबत, बोजारा म्हणजे लाकडी बैलामागं मिळणारा खाऊ-पैसा घेत आम्ही शोरूमच्या दारात पोचलो. मी सांगितलं नव्हतं, मावशीनंच वळवली. लेकरं उड्या मारून उतरली आणि काउंटरवाल्यासमोर सहा लाकडी बैल मांडून बोजारा मागू लागली. त्यानं टेबलाच्या खणातून चॉकलेटं काढली. मग त्याची नजर रिक्षावर गेली.

"खुला?" त्यानं विचारलं.

"खुलता है," मावशी म्हणाली.

तो बाहेर आला, त्यानं वाकून सीटखालच्या डब्याचं झाकण उघडलं, आणि त्या पारदर्शक लेपातून बराच वेळ पाहत राहिला. मग मला हळूच म्हणाला, "मैडम, नक्शा तो हमको भी नहीं देते. हमने भी अंदर पहली बार देखा." त्याच्याविरुद्ध मी मनात लिहून ठेवलेलं पत्रक तिथंच गळून पडलं. अन्याय झालेल्यांच्या यादीत एक नाव वाढलं, त्याचं.

शाळा उघडली त्या सकाळी रिक्षा सहाही दारांत वेळेवर उभी होती. व्हॅन आली नाही.

आता तुम्ही. हे वाचून हसलात, छान झालं. तुमच्या माळ्यावर, पलंगाखाली, दुकानाच्या मागच्या खोलीत खुलत नाही म्हणून टाकलेला एक डबा आहे. इन्व्हर्टरचा, वॉशिंग मशीनचा, पंपाचा, कशाचाही. तो काढा. ज्यानं विकला त्याच्या काउंटरवर ठेवा आणि आतला नकाशा मागा, लेखी मागा. तो म्हणाला आम्हालाही देत नाहीत, तर त्याचीही सही त्याच कागदावर घ्या आणि कंपनीला पाठवा. आणि पुढची वस्तू घेण्याआधी, पिशवीत हात घालण्याआधी, विचारा: हे खुलतं का? उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.