लॅपटॉपखाली हात

कुठल्याही वस्तूची किंमत विचारण्याआधी ते तिच्याखाली तळहात सरकवायचे आणि डोळे मिटायचे. मलकापुरात तुम्ही कापूस विकला असेल, तर तो हात तुमच्या ओळखीचा असेल. सरकी काढायच्या जिनिंगमध्ये ते कापूस पारखायचे. गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचा. आत ऊब लागली की माल ओला. "गरम हाय. वाळवून आणा." विषय संपला.

माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आले तेव्हा त्यांना गेम खेळायचा लॅपटॉप हवा होता, आणि तोही छोटा. हंगामात मोताळा, नांदुरा, मलकापूर असं खांद्यावरच्या पिशवीनिशी फिरणं; पिशवीत मावायला हवा. मी चालू करून दाखवला. त्यांनी खाली हात घातला.

"ताई, ओला माल हाय हा."

"काका, हे मशीन आहे."

"मशीन असो का कापूस. गरम काऊन हाय मंग?"

मी समजावलं. लहान डब्यात मोठं यंत्र दाबून बसवलंय, म्हणून तापतं. याच पैशात मोठा मिळतो, तो कमी तापतो. गल्ल्यावर बसलेल्या बाईनं असं बोलू नये. पण विकलेला माल परत आलेला मला चालत नाही.

"म्हंजे रुईची गाठ," ते म्हणाले. "दाबायचेच पैसे घेतेत लेकाचे!"

या वयात गेम कशाला, मी सरळच विचारलं.

"पोरगा पुण्याले हाय. फोन उचलत नाही. पण रविवारी दुपारी गेम खेळते, तवा बोलते म्हणे लोकायसंगं."

"घरी कोण असतं?"

"कुलूप."

त्या साली बीटी कपाशीच्या बोंडातही अळी शिरली. गाड्या येईनात, जिनिंग लवकर थंडावलं. ते दिवसाआड दुकानात येऊ लागले. हात घालायचे, किंमत पुन्हा विचारायचे, जायचे. पैशाची अडचण नव्हती. एवढे घालून पोरगा बोलेल का, हे काही हाताला कळत नव्हतं.

शेवटी मीच म्हटलं, "रविवारी इथंच खेळून पाहा. पटला तर न्या."

रविवारी इस्त्रीचा सदरा घालून आले. मुलाला आधी मेसेज करून कळवलं होतं. कानात काही घालायला तयार नव्हते, म्हणून आवाज मोकळाच ठेवला. पडद्यावर माळरान, त्यात दोन माणसं: एक ते, एक मुलगा.

"बाबा, पळा ना! लांडगे आलेत!"

"येऊ दे. जेवला का तू?"

"जेवलो. कुऱ्हाड उचला, बाबा!"

"भाजी काय होती?"

ते एका जागी उभे. मुलगा त्यांच्याभोवती फिरत लांडगे मारत होता. पाऊण तास चाललं. मधेच तो हसलाही. "बाबा, मेलात तुम्ही परत!"

"असू दे. पुन्हा येतो."

मग तो म्हणाला, "बाबा, मित्र आलेत. दुसरी मॅच आहे. तिच्यात चारच जण चालतात."

"मी बाजूले उभा राह्यतो ना. खेळत नाही."

"तसं नसतं हो, बाबा. ठेवतो."

त्याचं माणूस पडद्यावरून नाहीसं झालं.

ते खुर्चीवरून उठले. यावेळी खाली हात घातला नाही. "ताई, महाग पडते हा," म्हणाले. मी आग्रह केला नाही. पिशवी खांद्याला अडकवून गेले. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. पुढच्या हंगामात जिनिंगमध्ये ओलावा मोजायचं यंत्र आलं आणि ते वडनेरला बहिणीकडे राहायला गेले, असं कानावर आलं.

त्या दुपारी मी लॅपटॉप बंद करायला उठले. पडद्यावर ते अजून तिथंच उभे होते, भर उन्हात. गिऱ्हाईक थांबलं होतं. मला गेम येत नाही. तरी चार कळा दाबून पाहिल्या, त्यांना झाडाच्या सावलीत नेलं आणि मग झाकण लावलं.